काटा थंड होता

३ मार्च, सोमवार
सकाळी १३८/८८.

डॉक्टर म्हणाले, रोजचा आकडा लिहा आणि खाली दोन ओळींत त्या दिवशी काय झालं ते लिहा, म्हणजे रक्तदाब कशानं चढतो ते कळेल. मी म्हटलं, त्याला वही कशाला, गिऱ्हाइकांनी चढतो. डॉक्टर हसले नाहीत. गॅरेजात गाड्यांची कामं टिपायची कोरी जॉबबुकं पडून होती, त्यातलं एक घेतलं आहे. अक्षर लागलं नाही तर विचारा.

आज मधवाला आला. मधमाश्या पाळतो आणि जिथे फुलं असतील तिथे त्यांच्या पेट्या गाडीत घालून नेतो. गाडी पंधरा दिवसांपूर्वीच घेतली, तीन हात फिरून त्याच्याकडे आलेली. मागची सीट काढून टाकली आहे आणि आत मेणाचा वास येतो.

"काय होतंय?" मी विचारलं.

"डॅशबोर्डच्या मागे बसून कुणीतरी गुळण्या करतं," तो म्हणाला. "बायको म्हणते, गाडी परत करा, हिच्यात कुणीतरी आहे."

"आहे ना. हवा आहे."

डॉक्टरांसाठी समजावून लिहितो. इंजिनाभोवती पाणी फिरत असतं, म्हणजे कूलंट. ते इंजिनाची उष्णता घेतं आणि पुढच्या रेडिएटरमध्ये निवून परत येतं. पाणी बदलताना आत हवा राहिली तर ती उंच जागा धरून बसते आणि पाण्याची वाट अडवते. एवढ्यावर भागत नाही. तापमान दाखवणाऱ्या काट्याचं टोक पाण्यात बुडलेलं असावं लागतं. ते हवेत राहिलं, तर इंजिन उकळत असलं तरी काटा थंडच दाखवतो. म्हणून पाणी भरलं की हवा काढायची. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं आणि बुडबुडे संपेपर्यंत शेजारी बसायचं. अवघड काहीच नाही, फक्त एका जागी बूड टेकवता आलं पाहिजे.

वरच्या पठारावर फुलं लागली आहेत, ती तीन आठवडेच टिकतात. सतरा तारखेला सकाळी पेट्या वर चढवायच्या आहेत, बायकोही बरोबर असणार. तोवर गाडी धड करून द्या म्हणाला. मी हो म्हटलं आणि मग बॉनेट उघडलं.

रेडिएटरच्या तोंडावर पिवळ्या रंगाची अर्धी रेघ आहे. झाकण नवं बसवलेलं, त्यामुळे रेघेचा वरचा अर्धा भाग नाही. खालच्या टोकाला रंगाचा थेंब साचून वाळला आहे. गाडी तेव्हा निळी होती, आता पांढरी केली आहे.

संध्याकाळी १६८/१०२. दिवसभरात विशेष काही नाही.

५ मार्च, बुधवार
१५६/९४.

माझ्या बायकोने वही वाचली. म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी काय झालं ते लिहायला सांगितलंय. झाकायला नाही सांगितलं." तिला गाडीबद्दल काही माहीत नाही, नुसत्या आकड्यावरून बोलते. तरी लिहितो.

हे गॅरेज दोघांचं होतं, माझं आणि दाजींचं. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. गिऱ्हाइकं त्यांना थोरले म्हणत आणि मला धाकटे. हवा काढून झाली की जो झाकण लावेल त्याने झाकणावर आणि रेडिएटरच्या तोंडावर मिळून रंगाची एक रेघ ओढायची, ही दाजींची पद्धत. रेघ जुळलेली दिसली म्हणजे मधे झाकण कुणी उघडलं नाही, आणि रंगावरून ते कुणी लावलं हेही कळतं. दाजींचा पिवळा, माझा पांढरा. दाजी रेघ खालून वर नेत, तोंडावरून झाकणावर, एका दमात. अकरा वर्षांत मी त्यांचा हात कधी उलटा चाललेला पाहिला नाही.

त्यांचा दुसरा नियम पंख्याचा. पाणी पुरेसं तापलं की रेडिएटरचा पंखा आपोआप फिरतो आणि थोड्या वेळाने थांबतो. तेव्हा उठायचं नाही, तो दुसऱ्यांदा फिरेपर्यंत बसून राहायचं. पहिल्या पंख्याला पुढची हवा निघते, कोपऱ्यातली दुसऱ्याला. "पहिल्याला उठतो त्याला घाई असते, दुसऱ्याला उठतो त्याला झोप असते," असं म्हणायचे.

पाच वर्षांपूर्वी ही गाडी भूगोलाच्या बाईंची होती. शाळेत शिकवतात, इथून चार गल्ल्या पलीकडे राहतात. पाणी बदलायला गाडी आमच्याकडे आणली. दुसऱ्या दिवशी चढावर पुढून वाफ यायला लागली, त्यांनी गाडी बाजूला घेतली. काटा थंड होता, म्हणून त्यांनी झाकण उघडलं. उकळतं पाणी उजव्या हातावर आणि गालावर उडालं. झाकणावर पिवळी रेघ होती. दाजींनी चूक आपली म्हणून सांगितलं आणि गॅरेज सोडलं.

झालं ते एवढंच.

७ मार्च, शुक्रवार
१५०/९२.

आज हवा काढली. गाडी पुढून उताराच्या फळ्यांवर चढवली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यांत वर येतं. आतला हीटर पूर्ण सोडला, म्हणजे त्याच्याही नळीतून पाणी फिरतं. हवा बाहेर सोडायचा स्क्रू सैल केला. जाड हातमोजे घातले. रेडिएटरजवळ मी पाच वर्षं मोजे घातल्याशिवाय हात नेत नाही. गॅरेजातली बाकीची माणसं पोटभर हसून घेतात, "धाकटे गाडीचं बाळंतपण करायला निघाले" म्हणून. हसू देत.

बुडबुडे आले, पाणी खाली गेलं, वर भरत राहिलो. पंखा एकदा झाला, दोनदा झाला. मी चारदा होऊ दिला. बूड दगडाचं झालं पण उठलो नाही. झाकण लावलं, पांढरी रेघ ओढली आणि गाडी एक चक्कर फिरवून आणली. रस्त्यावर आवाज नव्हता. गॅरेजात आणून इंजिन बंद केलं, आणि डॅशबोर्डच्या मागे गुळणी झाली. एकच, पण सावकाश आणि भरपूर, तोंड भरून घेतल्यासारखी.

मधवाल्याला सांगितलं, ही गाडी मी आधी कधी पाहिलेली नाही. त्याने विचारलंच नव्हतं.

८ मार्च, शनिवार
१५८/९६.

औषधांच्या दुकानात भूगोलाच्या बाई दिसल्या. मी मागच्या मागे फिरणार होतो, पण त्यांनी पाहिलं. "बरे आहात ना धाकटे?" म्हणाल्या. त्या असंच विचारतात, पाच वर्षं. त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

उजव्या हाताची बोटं अजून पुरती उघडत नाहीत. डाव्या हातात औषधाची बाटली घेऊन त्यांनी तिच्यावरची चिठ्ठी वाचली. परत वाचली. मग दुकानदाराला म्हणाल्या, "यावर किती लिहिलंय, वाचून सांगता?" त्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, "मलाही तेच दिसलं." नजर अधू झाली असावी. चष्मा मात्र नाही.

त्या गेल्यावरही मी काउंटरपाशी उभा होतो. दुकानदाराने विचारलं, काय हवंय. मला आठवेना.

१० मार्च, सोमवार
१६२/१००.

दुसऱ्यांदा हवा काढली. परत आवाज. मग वाटलं, हवा जुनी नसेल, नवी होत असेल. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली पट्टी, ती फाटली की सिलिंडरमधला धूर पाण्यात शिरतो आणि कितीही काढलं तरी बुडबुडे येतच राहतात. थंड इंजिनावर झाकण उघडं ठेवून चालू केलं आणि तोंड खाली घालून बघत राहिलो. पाणी शांत, धुराचा वास नाही. गॅस्केट ठणठणीत आहे. गळती नाही, पाणी कमी होत नाही. म्हणजे आत आहे ती तीच हवा. पहिल्या दिवसापासूनची.

मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी जेवायला घरी गेलो आणि मोरीतून तोच आवाज आला. मी ताटावरून उठलो. बायको म्हणाली, "अहो, पाणी जातंय नळीतून. पाण्याने काय आता तुम्हाला विचारून जायचं?"

एक गोष्ट मागे लिहायची राहिली. त्या दिवशी बाईंच्या गाडीचं झाकण मी लावलं होतं. पांढऱ्या रंगाचा डबा वाळून गेला होता, म्हणून पिवळा घेतला. एवढंच कारण.

१२ मार्च, बुधवार
१६०/९८.

दुपारी ताईकडे गेलो. काहीतरी निमित्त हवं म्हणून बायकोचं शिलाई मशीन उचलून नेलं. दाजी आता घरीच शिलाई मशीनं दुरुस्त करतात. त्यांच्या खोलीत पाणी नाही, वाफ नाही, तापणारी एकही वस्तू नाही. चहासुद्धा ताई आत येऊन देते आणि ते तो निववून पितात. सगळ्या गावात याच्याइतकी थंड विद्या दुसरी सापडली नसेल त्यांना.

"काय धाकटे," ते म्हणाले. "मशीनला काय झालंय?"

"धागा तोडतं."

त्यांनी चाक एकदा फिरवलं. "नाही तोडत," म्हणाले.

मग मीच बोललो. एक गाडी आली आहे, हवा निघत नाही. गॅस्केट बघितलं, गळती बघितली.

"पंखा किती वेळा होऊ दिलास?"

"चारदा."

त्यांनी मशीनवरून मान वर केली. "चारदा?" म्हणाले, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "कुठली गाडी?"

"पांढरी," मी म्हटलं.

ताई दारापर्यंत आली. म्हणाली, "हे नेहमी म्हणतात, धाकटा एक दिवस आपणहून येईल."

"आलोच की मग."

"आलास खरा," ती म्हणाली, आणि मशीन माझ्या हातात दिलं. तिला कसली घाई झाली होती कोण जाणे, डोळे पुसत आत गेली. घरात मशीनच्या तेलाचा वास फार असतो.

१४ मार्च, शुक्रवार
सकाळी आकडा घेतला नाही.

ही वही आता डॉक्टरांना दाखवायची नाही, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

पांढरा रंग वाळलेला नव्हता. डबा भरलेला होता.

त्या दिवशी बाईंची गाडी दाजी करत होते. पहिला पंखाही झाला नव्हता तेवढ्यात ताईला घरी चक्कर आली म्हणून निरोप आला. दाजी उठले, हात पुसत म्हणाले, "दुसऱ्या पंख्यापर्यंत बस. झाकण तू लाव, तुझी रेघ मार." ते गेले. मी बसलो. पंखा एकदा होऊन थांबला, तेवढ्यात बाई आल्या. त्यांना पेपर तपासायचे होते. दारातून हसत म्हणाल्या, "झाली का? पिवळी रेघ असेल तरच नेते हं मी."

थट्टाच होती ती. पण मला लागली. अकरा वर्षं मी त्याच जमिनीवर, त्याच तेलात बसत होतो, आणि माणसं पिवळी रेघ शोधत होती. माझी पांढरी दिसली की विचारायची, "थोरले नाहीत का आज?" मी झाकण लावलं, पिवळा डबा उघडला आणि रेघ ओढली. "थोरले आत्ताच लावून गेले," म्हटलं. मग दुसऱ्या पंख्यासाठी बसणार कसा? थोरल्यांनी पुरी केलेल्या गाडीपाशी धाकट्याने का बसायचं? त्या खूश होऊन घेऊन गेल्या.

मधवाल्याचा आज फोन आला. म्हणाला, "सोमवारी पहाटे पेट्यांची तोंडं बंद करतो, मग लगेच निघायला लागतं. माश्या कोंडून ठेवता येत नाहीत. होईल ना?" त्याला म्हणावंसं वाटलं, दुसरीकडे ने. पण दुसरीकडचा माणूस दोन पंखे करून देईल, काटा थंड दाखवेल, आणि शेजारच्या सीटवर त्याची बायको असेल.

होईल, म्हटलं.

१५ मार्च, शनिवार

आज दुपारी दाजी गॅरेजात आले. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी बोलावलं नव्हतं. दारात चपला काढल्या. गॅरेजात चपला कोण काढतं? मग स्वतःच्याच लक्षात आलं आणि परत घातल्या.

गाडीसमोर उभे राहिले. रंग बदललेला, पण त्यांनी बॉनेटवर हात ठेवला तेव्हाच मला कळलं की त्यांना कळलं आहे.

"चालू कर," म्हणाले.

इंजिन तापलं. पंखा झाला, परत झाला. दाजी डोळे मिटून ऐकत होते. मग हीटरकडे जाणाऱ्या नळीवरून बोटं फिरवत मागे गेले. काचेखालच्या प्लॅस्टिकच्या आत मनगटापर्यंत हात घातला आणि थांबले.

"इथे हात लाव."

मी लावला.

"काय लागतंय?"

"नळी आहे."

"मोजे काढ."

मी म्हटलं, राहू दे दाजी. ते म्हणाले, "काढ. भाजणार नाही. मी धरलाय ना हात आत."

मोजे काढले. उघड्या बोटांनी नळी चाचपली. अलीकडे चटका बसेल इतकी गरम, पलीकडे गरम, आणि मधे वीतभर थंडगार. अपघातानंतर ज्याने गाडी दुरुस्त केली त्याने दुसऱ्या कुठल्या गाडीची लांब नळी घातली होती आणि ती लोंबू नये म्हणून वर ओढून बांधली होती. तिला उंटासारखी पाठ आली होती, हवेच्या स्क्रूपेक्षाही उंच. सगळी हवा त्या पाठीत जाऊन बसत होती. चाळीस पंखे केले असते तरी निघाली नसती. हात लावला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मोज्यातून गरम काय आणि थंड काय.

इंजिन निवू दिलं, नळी कापून आखूड केली, खालून नेली. पाणी भरलं आणि दोघंही फळ्यांशेजारी जमिनीवर बसलो. पहिल्या पंख्याला एकच मोठा बुडबुडा आला आणि फुटला. पंखा थांबला. आम्ही उठलो नाही. दुसरा पंखा झाला.

"लाव झाकण," दाजी म्हणाले. "रेघ मार."

मी भिंतीवरच्या, रंगाच्या डब्यांच्या फळीकडे गेलो. पांढरा डबा आणि पिवळा डबा शेजारीशेजारी असतात. पिवळा मी पाच वर्षं उघडला नाही, टाकलाही नाही. तिथेच पाठमोरा उभा राहून मी म्हटलं, "दाजी, त्या दिवशीची पिवळी मी मारली होती."

"माहीत आहे."

मी वळलो. त्यांनी रेडिएटरच्या तोंडावरच्या जुन्या अर्ध्या रेघेवर अंगठा ठेवला होता, त्या वाळलेल्या थेंबावर. "थेंब रेघेच्या शेवटाला पडतो. मी खालून वर जातो, माझा थेंब झाकणावर पडतो. हा खाली पडलाय. पोलिसांनी गाडी दाखवली तेव्हाच बघितला."

"मग बोलला का नाहीत?"

"बाई कुणाच्या भरवशावर गाडी ठेवून गेल्या होत्या? माझ्या. उठून मी गेलो. तेवढी चूक माझी होती, तेवढी मी कबूल केली." मग म्हणाले, "पुढचं मला कुठे माहीत होतं? पंखे किती झाले, हवा राहिली की आणखी काय झालं, ते तिथे बसलेल्याने सांगायचं. मी म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. आठवडा गेला. मग मशीनांची सवय झाली."

मला रडू आलं. या वयात, गॅरेजच्या जमिनीवर, बाकीच्या माणसांसमोर. दाजींनी समजूत काढली नाही. त्यांच्या जागी मीही काढली नसती.

"मला सांगून काय उपयोग," ते उठत म्हणाले. "भाजलं कुणाला?"

१६ मार्च, रविवार
१७०/१०४.

बाईंच्या गल्लीत तीनदा गेलो. तीनदा परत आलो. विशेष काही नाही.

१७ मार्च, सोमवार

मधवाल्याला म्हटलं, मीही येतो. तो म्हणाला, "गाडीवर विश्वास नाही का तुमचा?" मी म्हटलं, गाडीवर आहे. त्याची बायको पेट्यांमध्ये जागा करून मागे बसली आणि मला पुढे बसवलं.

सकाळचं ऊन होतं. पेट्यांमधून माश्यांची गुणगुण चालू होती. चढ लागला तसा मी काट्याकडे बघत राहिलो. तो सावकाश वर आला आणि मधोमध थांबला. गाडीचा काटा वर येतोय म्हणून आनंद झालेला माणूस मी पहिलाच असेन. मागून मधवाल्याची बायको म्हणाली, "आज कुणी गुळण्या करत नाहीये." मधवाला म्हणाला, "धाकट्यांनी हाकललं त्याला."

तिसऱ्या वळणावर रस्त्याकडेला थोडी मोकळी जागा आहे, तिथे बाईंनी गाडी थांबवली होती. मी थांबायला सांगितलं. उतरलो. नुसती खडी आहे, दोन झुडपं आहेत. तिथून मागचं गाव दिसतं. त्या दिवशी कुणी भेटेपर्यंत त्या अर्धा तास इथे बसून होत्या, असं नंतर ऐकलं होतं. अर्धा तास किती असतो ते बघावं म्हणून उभा राहिलो. चार-पाच मिनिटं झाली असतील, मधवाल्याने हॉर्न वाजवला. माश्या कोंडून ठेवता येत नाहीत.

१९ मार्च, बुधवार

कालचं पान या वहीत नाही. ते का नाही ते लिहून ठेवतो.

काल डॉक्टरांकडे जायचा दिवस होता. वही काखेत होती, तरी घरी राहिली म्हणून सांगितलं. त्यांनी दाब मोजला, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "काय झालंय?" मी "विशेष काही नाही" म्हणायला तोंड उघडलं, आणि तसाच उठून बाहेर पडलो. थेट बाईंच्या दारात जाऊन थांबलो.

त्यांनीच दार उघडलं. खोलीत भिंतीवर नकाशा, टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. "बसा," म्हणाल्या. मी उभ्यानेच सांगितलं. पिवळी रेघ थोरल्यांची नव्हती, मी ओढली होती. खोटं बोलून गाडी दिली. दुसऱ्या पंख्याला बसलो नाही, हवा आत राहिली. थोरल्यांचा यात दोष नाही, त्यांना बोल लावू नका.

मला वाटलं, आता हाकलतील. घराबाहेर काढलं असतं तर मला पळायला बरं झालं असतं. त्या खुर्चीवर बसल्या.

"हवा राहिली म्हणजे काय होतं?" त्यांनी विचारलं. वर्गात विचारतात तसं.

मी सांगितलं. पाणी कसं अडतं, इंजिन कसं उकळतं.

"आणि काटा?"

"काट्याचं टोक हवेत राहतं. त्याला पाणी लागतच नाही."

"मग तो काय दाखवतो?"

"थंड दाखवतो."

"आत उकळत असताना?"

"हो."

त्यांनी उजवा हात डाव्या हातात घेतला. "मी बघितला होता," म्हणाल्या. "उतरायच्या आधी बघितला. झाकणाला हात लावायच्या आधी परत दाराशी जाऊन बघितला. दोनदा बघितला मी."

त्यांनी टेबलावरचा गठ्ठा जवळ ओढला.

"विम्याचा माणूस म्हणाला, वाफ निघत असलेल्या गाडीचा काटा थंड असूच शकत नाही. आमचे यजमान म्हणाले, घाबरून भलतंच बघितलंस. अजून म्हणतात, हवेचा दाब आणि तापमान शिकवते आणि साधा काटा वाचता येत नाही. थोरले फक्त चूक आमची म्हणायचे. मला वाटायचं, भला माणूस आहे, माझ्यासाठी म्हणतो." त्या उत्तरपत्रिकांकडे बघत होत्या. "मग मीही धरून चालले की मला नीट दिसत नाही. पाच वर्षं एकही आकडा मी एकदा वाचून सोडलेला नाही. एकेका पोराचे गुण तीनतीनदा मोजते. औषधाची बाटली दुकानदाराकडून वाचून घेते."

मी दाजींचं सांगायला गेलो होतो. हे माझ्या डोक्यातही नव्हतं. हात भाजला, गाल भाजला, एवढंच मी पाच वर्षं धरून होतो.

"हे मला लिहून द्याल?" त्या म्हणाल्या.

मी वही उघडली आणि अठरा तारखेच्या कोऱ्या पानावर लिहिलं: "त्या दिवशी गाडीत हवा राहिली होती. ती माझ्यामुळे राहिली. काटा थंड होता. बाईंनी बरोबर पाहिलं होतं." खाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली. पान फाडून त्यांना दिलं.

त्यांनी डाव्या हाताने ते उजेडाकडे धरलं. मी वाट बघत उभा राहिलो, कारण आता त्या परत वाचतील आणि मग मला वाचून दाखवायला सांगतील असं मला वाटत होतं. त्यांनी ते एकदाच वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं.